कौसाबाईंचा सोमवार

इटलीत काय पाहिलंत, असं कोणी विचारलं की कौसाबाई दोनच गोष्टी सांगत. एक, तिथली बाई पहिल्या पंगतीला बसते. दोन, रविवारी ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. विचारणाऱ्याला चर्च, पूल, बर्फाचे डोंगर असलं काहीतरी ऐकायचं असे. तो जरा वेळ वाट पाहायचा आणि मग म्हणायचा, "बस, एवढंच?"

"एवढंच लई झालं," असं म्हणून कौसाबाई गोठ्याकडे निघून जात.

गेल्या माघात त्या वारल्या. मी तेव्हा लेकीकडे नागपूरला होतो. मला निरोप दोन दिवसांनी मिळाला, त्याचा राग अजून मनात आहे. त्यांच्यामागं लोक बरंच काही बोलतात. हट्टी होती, तोंडाळ होती, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची, असं. त्यातलं काही खोडून काढावं असं मला वाटत नाही, कारण ते सगळं खरं आहे. पण हट्ट कशाचा होता हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मी शेतीखात्यात नोकरी केली. पस्तीस वर्षं वरून आलेल्या कागदाला मान डोलावली, खालून आलेल्या अर्जाला 'पाहतो' म्हणालो आणि हार-नारळ घेऊन घरी आलो. माणूस म्हणून मी वाईट नाही, पण कोणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. कौसाबाईंनी दुसरं काही म्हटलेलं मला फारसं आठवत नाही.

कुरुंद्याच्या शिवारात त्यांचा आखाडा होता. शेतातल्या घराला, गोठ्यासकट, आमच्याकडे आखाडा म्हणतात. सहा एकर रान, त्यात निम्मी हळद, बाकी तूर आणि ज्वारी. दाराशी कडुनिंब, गोठ्यात लाल कंधारी बैलांची एक जोडी. नवरा पोटाच्या दुखण्यानं लवकर गेला. मुलगा नोकरीसाठी पुण्याला राहिला, पण सून रेखा मात्र तिथल्या दोन खोल्यांना कंटाळून सासूजवळ परत आली आणि आखाड्यावरच रमली. जमीन कौसाबाईंच्या नावावर होती. तरी गावाच्या लेखी मालक म्हणजे त्यांचे धाकटे दीर मारोतराव. मारोतराव गावात राहत, ट्रॅक्टर बाळगत, आणि रोज सकाळी आखाड्यावर येऊन काय चुकलं ते सांगून जात.

एका संस्थेनं हळद पिकवणाऱ्यांचा दौरा इटलीला न्यायचं ठरवलं. तिकडचे शेतकरी आपल्याच घरात पाहुणे ठेवतात आणि त्यावर शेती तगवतात, ते पाहून यायचं होतं. मला सोबत जायचा हुकूम झाला. आठ पुरुष निवडले गेले आणि यादीत एक बाई असलीच पाहिजे असं वरून कळवण्यात आलं. मारोतरावांचं नाव आठांत होतं. ते म्हणाले, "आमच्या वहिनीचं टाका. ती काय जात न्हाई, पण कागद पुरा होईल."

पुढं झालं असं की मारोतरावांचं रक्तदाबामुळं राहिलं आणि वहिनी गेल्या. हिरवं लुगडं, त्यावर मुलाचा जुना स्वेटर, दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि पिशवीत पाच किलो ज्वारीचं पीठ. विमानतळावर तपासणीच्या शिपायानं ती पिठाची पिशवी तीनदा उघडली. तिसऱ्यांदा कौसाबाईंनी चिमूटभर पीठ स्वतः तोंडात टाकून दाखवलं, तेव्हा तो शिपाई हसला आणि त्यानं सोडलं.

आम्ही उतरलो ते घर एका टेकडीवर होतं. दगडाच्या भिंती, मागं ऑलिव्हची झाडं, अंगणात कोंबड्या. मालकीण सत्तरीची होती. तिचं नाव लांबलचक होतं, म्हणून कौसाबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं 'तिथली बाई' असं नाव ठेवलं आणि तिच्या तोंडावरही तेच म्हणायला सुरुवात केली. ती त्यांना काय म्हणायची ते आम्हाला कळत नव्हतं, पण सूर तोच होता. दुभाषी मुलगी संध्याकाळी निघून जायची. त्यानंतर या दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि मला मधे पडायची गरज वाटली नाही.

पहिल्या संध्याकाळी लांब टेबलावर जेवण मांडलं. आमचे सातही पुरुष खुर्च्या ओढून बसले. कौसाबाई सवयीनं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, सगळ्यांचं होईपर्यंत. मालकिणीनं भांडी आणून मधोमध ठेवली, टेबलाच्या टोकाशी बसली आणि पहिला घास स्वतः खाल्ला. आमच्यातला एकजण कुजबुजला, "मग वाढणार कोण?" तेवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली. शेजारची खुर्ची दाखवत ती काहीतरी बोलली. कौसाबाई हलल्या नाहीत. मग ती उठली, त्यांचं मनगट धरलं आणि आणून बसवलं. कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. माझ्या मानेचा आयुष्यात झाला तेवढाच उपयोग.

जेवण झाल्यावर अंगणात मला म्हणाल्या, "सायब, गडीमाणसाच्या आधी गरम घास खाल्ला. लगीन झाल्यापून पयल्यांदा." आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मी उगाच कोंबड्या पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथल्या भट्टीत भाकरी भाजली. तिथल्या बाईनं ती मोडून ऑलिव्हच्या तेलात बुडवली, खाल्ली आणि बोट वर करून आणखी मागितली. कौसाबाईंनी तेल चाखलं आणि म्हणाल्या, "आपलं करडईचं याच्यापरीस चांगलं हाय." हे भाषांतर करून सांगायला दुभाषी नव्हती हे बरं झालं.

रविवार आला. आमच्या लोकांना तेलाचा घाणा पाहायचा होता, दुपारी गरम जेवायचं होतं. सकाळी पाहतो तर स्वयंपाकघराला कुलूप. टेबलावर पाव, चीज आणि सफरचंदांची टोपली ठेवलेली. तिथली बाई काळा कोट घालून देवळाला, म्हणजे चर्चला निघालेली. आमचे म्होरके तिच्या आडवे गेले. एवढ्या लांबून आलोय, एकच रविवार मिळालाय, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोन्ही तळहात छातीशी धरले, मान हलवली आणि चालू लागली. घाणा बंद, चूल बंद. हा तिचा वार होता.

आमचे लोक दिवसभर धुसफुसत राहिले. कौसाबाई मात्र पायरीवर बसून सफरचंद खात होत्या आणि मनाशी हसत होत्या. "हिचा रविवार, माझा सोमवार," त्या म्हणाल्या.

त्याचं असं आहे. आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. औताला नाही, गाडीला नाही. महादेवाचा वार, आणि महादेव आमच्या उशाशीच, औंढ्याला. त्या दिवशी बैल बांधल्या जागी चारा खातात, त्यांना धुतात, कपाळाला हळद लावतात. म्हणजे लावत असत. ट्रॅक्टर आल्यापासून हे सगळं सैल झालं. पेरणीची घाई असली की सोमवारचा मंगळवार करून टाकणारे पुष्कळ झाले. कौसाबाईंच्या गोठ्यात मात्र सोमवार हा सोमवारच होता.

"आन एक बघितलं का, सायब?" त्या म्हणाल्या. "समदे चिडून राहिले. पण उद्या सकाळी तिच्याच टेबलावर बसतेत का न्हाई बगा."

बसले. मीही बसलो.

परत आल्यावर वर्षभरात त्यांनी आखाड्यावर चार खोल्या बांधल्या. साध्याच, पण स्वच्छ. पाहुण्यांनी यायचं, आखाड्यावर राहायचं, घरचं असेल ते खायचं, हळदीच्या रानात फिरायचं. मारोतरावांना कल्पना आवडली होती. त्यांच्या डोक्यात पोहण्याचा हौद आणि फेटेवाले वाढपी होते. कौसाबाई म्हणाल्या, "फेटा तुमच्या लग्नात बांधला तेवढा बस. आमी हाव तसे हाव. पटलं त राहावं."

पहिल्या पाहुण्यांच्या निमित्तानं गावातल्या दहा-बारा जणांना जेवायला बोलावलं होतं. मीही होतो. पडवीत पाट मांडले. पुरुष बसले, नांदेडहून आलेलं एक कुटुंब बसलं, आणि मधल्या पाटावर कौसाबाई येऊन बसल्या.

मारोतराव म्हणाले, "वहिनी, वाढायचं कोनी?"

"रेखानं मधी आणून ठेवलंय. ज्याला लागंल त्यानं घ्यावं. ती बी बसून राहिली बगा तिकडं. भावजी, तुमाला हात हायेत ना?"

"ही काय पद्धत काढली?"

"इटलीची न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "भूक लागली की बसायची पद्धत हाय."

मारोतराव ताटावरून उठले. त्या दिवसापासून त्यांनी आखाड्यावर अन्न घेतलं नाही. रोज यायचे मात्र. घरून डबा आणायचे आणि कडुनिंबाखाली, पंगतीकडे पाठ करून एकटे जेवायचे. कौसाबाई न चुकता त्यांच्यासाठी ठेचा पाठवायच्या आणि ते न चुकता तो परत पाठवायचे. हे तीन वर्षं चाललं. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारबाबांचं काहीतरी व्रत आहे.

पाहुणा उतरला की कौसाबाई त्याला पाणी द्यायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "तुमच्या घरी काय पिकतंय?" गरीब असो, डॉक्टर असो, प्रश्न तोच. लोक ओशाळायचे. कोणी म्हणायचं, तुळस आहे. कोणी म्हणायचं, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्या खरोखर विचारात पडायच्या. जाताना त्या माणसाच्या हातात बेण्याच्या हळदीचा एक कोंब देऊन म्हणायच्या, "बादलीत लावा. यंदा त काही त पिकवा." आणि पाहुणा गाडीत बसायला लागला की त्या गोठ्यात निघून जायच्या. निरोप द्यायला उभ्या राहिल्याचं कोणी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जाणाऱ्याकडं बघून काय कराचं? येणाऱ्याकडं बघावं."

सकाळी नऊनंतर चहा नसे. जेवताना मोबाईल दिसला तर त्या भाकरीची टोपली ओढून घ्यायच्या, बोलायच्या काही नाहीत, फक्त टोपली मांडीवर धरून बसायच्या. परदेश कुठलाही असो, त्या त्याला इटलीच म्हणत. जपानहून आलेल्या एका मुलीला त्यांनी 'इटलीतून आलेलं लेकरू' म्हणून साऱ्या गावात फिरवलं होतं.

मग पुण्याच्या एका सहल कंपनीचा अमेय नावाचा तरुण आला. मुलगा चलाख, गोड बोलणारा. रविवारी माणसं आणायची, आखाड्यावर मुक्काम, सोमवारी पहाटे औंढा नागनाथाचं दर्शन, परत येऊन जेवण, बैलगाडीतून फेरफटका आणि पुण्याला रवाना. महिन्यातून दोन छोट्या बसगाड्या. रेखाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. चार खोल्या बांधून झाल्या होत्या, पण भरत नव्हत्या. इतकी माणसं नियमित आली असती तर आखाडा उभा राहिला असता. फेरफटका सोमवारी आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि कागद मी वाचला होता.

पहिली बस आली त्या सोमवारी मी तिथंच होतो. दर्शन झालं, जेवणं झाली. एका सहा वर्षांच्या मुलीचा वाढदिवस होता. डोक्याला कागदी मुकुट घालून ती गाडीत जाऊन बसली होती आणि बैलांची वाट पाहत होती.

"बैल आज न्हाई, बाई," कौसाबाई तिला म्हणाल्या. "आज सोमवार."

मुलीनं आधी ओठ काढला, मग भोकाड पसरलं. तिची आई कौसाबाईंकडे पाहू लागली. अमेय धावत आला. "काकू, प्लीज, पाच मिनिटं. नुसते जुंपून उभे करा, फोटो काढतो. कस्टमर आहेत."

"कस्टमर तुमचे. माझे पाव्हणे हायेत. पाव्हण्याला मी खोटं काहून दाखवू?"

"लहान मूल आहे हो!"

"दिसून राहिलं मला." त्यांचा आवाज खाली आला होता. मग त्या मुलीच्या बापाकडे वळल्या. "गाडी पाहिजे ना? गाडी हाय की. गाडीला सोमवार नसतो. लावा खांदा."

बाप आधी हसला. मग त्याला वाटलं असावं की बाई थट्टा करत नाही. त्यानं बूट काढले. दुसरा एकजण आला. दोघांनी जू उचललं, चौघं मागून लागले, आणि मुकुटवाली मुलगी राणीसारखी बांधापर्यंत जाऊन आली. येताना ती हसत होती, पण बैल नव्हते ते नव्हतेच. उतरताना तिनं गोठ्याकडे पाहिलं, ते कौसाबाईंनी पाहिलं आणि मीही पाहिलं.

पुढच्या आठवड्यात अमेयचा फोन मला आला. बैलगाडी कार्यक्रमात छापलेली आहे, सोमवारी बैल मिळणार असतील तरच बस येईल. मी तडजोड करायला गेलो. तडजोड हा माझ्या हातचा मळ. मी सुचवलं की शेजाऱ्याचे बैल त्या दिवसापुरते आणावेत, म्हणजे तुमचा नेमही राहील.

कौसाबाई हळदीच्या राशीपाशी बसून बेणं निवडत होत्या. "शेजाऱ्याच्या बैलाचा महादेव दुसरा हाय काय, सायब?"

मी म्हणालो, "रेखाचा तरी विचार करा."

"तिलाच इचारा."

रेखा ओसरीवर होती. ती म्हणाली, "मला बस पाहिजे होती. पण मी इथं आले ते या बाईजवळ राहायला. ती बदलली त मी पुण्याला काय वाईट होते?"

बस बंद झाली. तो सबंध हिवाळा खोल्या रिकाम्या होत्या. रेखानं दोन खोल्यांत बेण्याची हळद भरून ठेवली. मारोतरावांनी कुरुंद्यात घरोघर सांगितलं की आमच्या वहिनीला लक्ष्मी दारातून हाकलायचा छंद आहे. मी गेलो की त्या पूर्वीसारख्याच बोलत, पण एकदा मधेच थांबून म्हणाल्या, "सायब, त्या लेकराचं तोंड डोळ्यापुढून जात न्हाई."

"मग?"

"मग काय. न्हाई म्हंजी न्हाई. पण म्हणताना मला काय तकलीफ होत न्हाई असं वाटतं काय लोकायला?"

त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा दुसऱ्यांदा पाहिले. आणि मला स्वतःची शरम वाटली, कारण मी इतकी वर्षं असं समजत होतो की 'नाही' म्हणणाऱ्यांना ते सोपं जातं म्हणून ते म्हणतात.

उन्हाळ्यानंतर पाहुणे पुन्हा येऊ लागले. बसनं नव्हे, आपापले. ज्यांनी गाडी ओढली होती त्यांनी कुणाकुणाला सांगितलं होतं. फार नाही, पण दोन खोल्या भरायच्या.

आता त्या श्रावणातल्या सोमवारचं सांगतो. जालन्याचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दोन कॉलेजातल्या मुली, औंढ्याच्या दर्शनासाठी उतरले होते. मीही आदल्या दिवशी गेलो होतो. तीन दिवस संततधार होती. डांबरी रस्ता ते आखाडा ही पांदण, म्हणजे दोन शेतांमधली गाडीवाट, काळ्या मातीचा नुसता काला झाली होती. मारोतरावांचा ट्रॅक्टर शनिवारपासून त्यातच रुतून बसला होता. सकाळी कौसाबाई बैलांच्या कपाळाला हळद लावायला गोठ्यात गेल्या आणि पाय घसरून पडल्या. ओरडल्या नाहीत. रेखा गेली तेव्हा त्या बैलाच्या पायाशी आडव्या होत्या आणि बैल त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आखडून उभा होता. कमरेखाली पाय हलेना.

नांदेडला न्यायला गाडी डांबरीवर येऊन थांबली. त्यापुढं चाक चालणार नव्हतं. तेवढ्यात मारोतराव चिखल तुडवत आले, एका नजरेत सगळं पाहिलं आणि सरळ बैलांचे दोर सोडले.

"भावजी," पडवीतून आवाज आला, "बैल बांधा."

"वहिनी, हाड मोडलंय तुमचं!"

"मला ठावं हाय काय मोडलंय ते. बैल बांधा. आज वार कोनता?"

"एक दिवस महादेव माफ करंल!"

"महादेव करंल. मी न्हाई करणार." त्यांचा चेहरा घामानं निथळत होता. "त्या पुण्याच्या लेकराला वाढदिवसाला न्हाई म्हणलं मी. रडवून पाठवलं. आन आता माझं दुखून राहिलं म्हणून जुंपू? मग तिला काहून रडवलं?"

मी म्हणालो, "बाजेवर निजवून खांद्यावरून नेऊ."

"बाजेवर न्हाई, सायब. खांद्यावर जायाला अजून टैम हाय."

मारोतराव बैलांचे दोर हातात धरून अंगणात उभे होते. पाऊस त्यांच्या टोपीवरून गळत होता. इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं आता चिडून निघून जातील, ताटावरून उठले होते तसे. मग त्यांनी बैल परत गोठ्यात नेऊन बांधले. बाहेर आले, टोपी काढून खिशात कोंबली आणि गाडीचं जू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पासष्ट वर्षांचा माणूस, रक्तदाबाचा. "या कोन येतंय ते," ते म्हणाले, कोणाकडेही न पाहता.

जालन्याचे गृहस्थ दुसऱ्या बाजूला गेले. त्यांच्या मुलींनी आणि रेखानं दोर बांधून पुढं ओढ धरली. मी आणि त्या गृहस्थांच्या पत्नी मागून लागलो. गाडीत गोधड्यांवर कौसाबाई. पांदण अर्ध्या किलोमीटरची असेल, आम्हाला तासभर लागला. चिखल गुडघ्यापर्यंत येत होता. गचका बसला की वरून दातांतून आवाज यायचा आणि लगेच हुकूम यायचा, "डावीकडं खड्डा हाय, भावजी! उजवं दाबा!" मारोतराव उजवं दाबायचे. मधेच त्या म्हणाल्या, "सायब, तुमी ढकलून राहिले का नुसता हात लावून?" मी खरंच नुसता हात लावला होता. त्यानंतर ढकललं.

डांबरीवर त्यांना उचलून दवाखान्याच्या गाडीत ठेवलं. मारोतरावांचा खांदा सोलून रक्त आलं होतं. कौसाबाईंनी ते पाहिलं. "हळद लावा त्याला," त्या म्हणाल्या. दार बंद झालं.

पुढं शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी मी नांदेडला भेटायला गेलो. माझी नागपूरची गाडी त्याच संध्याकाळी होती. लेकीकडं कायमचं राहायला निघालो होतो. वॉर्डात पोचलो तर कॉट रिकामी. त्यांना सकाळीच सुटी दिली होती. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर त्या बसल्या होत्या. हिरवं लुगडं, दोऱ्याचा चष्मा, मांडीवर गाठोडं, भिंतीला टेकवलेली चालायची चौकट. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्या विचारत होत्या, "तुमच्या घरी काय पिकतंय?"

मी म्हणालो, "सुटी झाली ना? मग इथं का बसलात?"

त्यांच्याऐवजी रेखा बोलली. सकाळी तिनं मारोतरावांना फोन केला होता की बाईंना घेऊन निघतोय, पांदणीतून न्यायला डांबरीवर गाडी-बैल घेऊन या. मारोतरावांनी विचारलं होतं, आज वार कोणता. ती म्हणाली, सोमवार. त्यावर ते म्हणाले, "मग वहिनीला सांग, तिथंच बसून राहा. बैल उद्या येतील." आणि फोन ठेवला.

"कुरुंद्यात त्यांच्याकडं रात्र काढायची होती," मी म्हणालो.

"गावात उतरले त बघ्यांचा मेळा लागंल," कौसाबाई म्हणाल्या. "आन घरी गेले त आखाड्यावरच जाईन. डॉक्टर म्हणले, आज रातीपुरतं राहा त राहा. भावजी बराबर बोलला. जन्मात पयल्यांदा बराबर बोलला." आणि त्या हसायला लागल्या. कमरेत कळ येत होती तरी हसत राहिल्या, बाकाची कड धरून. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या तो पयल्या पंगतीला बसणार हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूला. ठेचा परत पाठवला त बगते."

गाडीची वेळ झाली. मी उठलो. गोठ्यात निघून जाता येत नव्हतं म्हणून असेल, त्यांनी मान वळवून त्या शेजारच्या बाईशी बोलायला सुरुवात केली. मी व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन मागं पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, गाठोडं दोन्ही हातांनी मांडीवर धरून, मंगळवारची वाट पाहत.